साठ हजारांची पुडी आणि मधुमेहींचे हृदय

मधुमेहाच्या वार्षिक तपासणीचे ‘पॅकेज’ आता चांगले तीन-चार पानांचे असते. उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची साखर, एचबीएवनसी, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन आणि शेवटच्या पानावर कुठेतरी व्हिटॅमिन डी. साखर बेताची निघाली तरी हा शेवटचा आकडा बहुतेकांचा ठळक अक्षरांत, म्हणजे कमी आलेला असतो. मग साठ हजार युनिटची पुडी येते. दुधात कालवून आठवड्याला एक, अशी आठ आठवडे. ही पुडी कशासाठी, असे घेणाऱ्याला विचारावे तर उत्तरे तऱ्हेतऱ्हेची मिळतात: हाडांसाठी, अंगदुखीसाठी, थकव्यासाठी, प्रतिकारशक्तीसाठी. अलीकडे त्यांत एक उत्तर हमखास असते, ‘हार्टला चांगली असते म्हणतात.’

या लेखाचा विषय हे शेवटचे उत्तर आहे. ते आले कुठून, त्यामागे कोणाचे किती कष्ट आहेत, आणि मधुमेह असलेल्या माणसाने त्यावर किती विसंबावे, याची ही तपासणी.

प्रश्न किरकोळ नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात मधुमेहींची संख्या सुमारे १०.१ कोटी आहे आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्यांची १३.६ कोटी. मधुमेही माणसाला सर्वांत मोठा धोका असतो तो हृदयाचा. १९९८ साली फिनलंडमधल्या एका अभ्यासाने डॉक्टरांना हादरा दिला होता. मधुमेह आहे पण हृदयविकाराचा झटका कधी आलेला नाही, अशा लोकांचा पुढच्या सात वर्षांतला धोका एकदा झटका येऊन गेलेल्या बिनमधुमेही लोकांइतकाच निघाला. आपल्याकडे त्यात वयाची भर. नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ‘इंटरहार्ट’ या जागतिक अभ्यासातली माहिती मांडली. दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतर देशांत सुमारे ५९ व्या. घरातला कर्ता माणूस ऐन उमेदीत आडवा होतो. अशा माणसाला पुडीत औषध मिळणार असेल तर कोणाला नको आहे?

उन्हातून आलेले औषध

या जीवनसत्त्वाची कथा हृदयापासून फार दूर सुरू होते. औद्योगिक क्रांतीनंतर धुराने काळवंडलेल्या इंग्लंडच्या शहरांत मुलांचे पाय धनुष्यासारखे वाकू लागले. हा मुडदूस. १८९० साली थिओबाल्ड पाम या ब्रिटिश डॉक्टराने एक वेगळाच उद्योग केला. तो जपानमध्ये वैद्यकीय मिशनरी म्हणून राहून आला होता आणि तिथे त्याला मुडदूस फारसा दिसला नव्हता. त्याने आशियातल्या इतर मिशनऱ्यांना पत्रे लिहून विचारपूस केली. जिथे ऊन मुबलक, तिथे अन्न कितीही निकृष्ट असले तरी मुडदूस विरळा, असा त्याचा निष्कर्ष. त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

या शोधात नाशिकचेही नाव आहे. १९२२ साली हचिसन आणि शहा या डॉक्टरद्वयीने तिथला अभ्यास प्रसिद्ध केला. पडदा पाळणाऱ्या, खाऊनपिऊन सुखी घरांतल्या बायका-मुलांत मुडदूस आढळत होता. शेतात आणि रस्त्यावर राबणाऱ्या गरिबांच्या ताटात फारसे काही नव्हते, तरी त्यांची हाडे सरळ होती.

तोवर बर्लिनच्या कुर्ट हुल्डशिन्स्कीने १९१९ मध्ये मुडदूस झालेल्या मुलांवर अतिनील किरणांच्या दिव्याचा प्रकाश टाकून त्यांना बरे केले होते. त्याच्या एका निरीक्षणाला पुढे फार महत्त्व आले: प्रकाश एका हाताला दिला तरी दुसऱ्या हाताचे हाडही भरून येत होते. म्हणजे त्वचेत काहीतरी तयार होऊन रक्तातून सर्वत्र जात होते. १९२२ साली अमेरिकेतल्या एल्मर मॅकॉलमने कॉडलिव्हर तेलातला हाच गुण वेगळा काढला. ए, बी आणि सी ही अक्षरे आधीच वापरून झाली होती, म्हणून याच्या वाट्याला डी आले. या वर्गातल्या द्रव्यांची रासायनिक घडण उलगडणाऱ्या आडोल्फ विंडाउस यांना १९२८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

हृदयाशी या जीवनसत्त्वाचा पहिला खरा संबंध आला तो पैशाच्या वाटेने. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या हॅरी स्टीनबॉकने १९२४ मध्ये अन्नावर अतिनील किरण टाकून त्यात डी जीवनसत्त्व निर्माण करण्याची युक्ती शोधली आणि तिचे पेटंट घेतले. त्याच्या उत्पन्नातून संशोधनाला पैसा मिळावा म्हणून १९२५ मध्ये एक प्रतिष्ठान उभे राहिले. इंग्रजीत त्याच्या नावाची आद्याक्षरे जोडली की ‘वॉर्फ’ होते. याच प्रतिष्ठानाच्या पैशावर पुढे कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत रक्त पातळ करणारे एक औषध घडले. आधी ते उंदीर मारण्यासाठी विकले गेले, मग माणसांसाठी. प्रतिष्ठानाच्या नावावरूनच त्याचे नाव पडले वॉर्फरिन. १९५५ मध्ये झटका आल्यानंतर अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना ते देण्यात आले होते आणि कृत्रिम झडप बसवलेले रुग्ण आजही ते घेतात.

संशय का आला

डी ला जीवनसत्त्व म्हणतात, पण वागणूक संप्रेरकाची. त्वचेतल्या कोलेस्टेरॉलच्या एका भावंडावर उन्हातले यूव्ही-बी हे अतिनील किरण पडले की त्याचे कच्चे रूप तयार होते. यकृत त्यावर पहिला संस्कार करते. रक्ताच्या तपासणीत मोजतात ते हेच यकृतातले रूप. दुसरा संस्कार मूत्रपिंडात होतो आणि मग ते खरे कामाला लागते. आतड्यातून कॅल्शियम शोषून घेणे हे त्याचे मुख्य काम. पण त्याला ओळखणारे ग्राहक शरीरात इतरत्रही सापडले: रक्तवाहिन्यांच्या भिंतींत, हृदयाच्या स्नायूत, इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींत आणि रोगप्रतिकारक पेशींत. जिथे कुलूप आहे तिथे किल्लीचे काहीतरी काम असणारच, असे शास्त्रज्ञांना वाटले.

प्रयोगशाळेतून तसे पुरावेही येऊ लागले. १९८० मध्ये अँथनी नॉर्मन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की डी ची कमतरता असलेल्या उंदरांच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन कमी पाझरते. २००२ मध्ये शिकागोत यान चुन ली यांनी डी चा ग्राहकच नसलेले उंदीर अभ्यासले. त्यांच्या रक्तात रेनिन हे रक्तदाब चढवणारे द्रव्य वाढले होते आणि रक्तदाबही. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात कार्लोस बर्नाल-मिझराची यांचा गट थेट मधुमेही रुग्णांच्या पेशींकडे वळला. धमनीच्या भिंतीत चरबी साठते ती मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशींमुळे. या पेशी कोलेस्टेरॉल गिळून फुगतात, फेसाळतात आणि तिथेच अडकतात. अँजिओग्राफीत दिसणाऱ्या ब्लॉकेजची सुरुवात अशी असते. २००९ मध्ये या गटाने सांगितले की मधुमेहींच्या भक्षक पेशींना डी मिळाले तर त्या कमी कोलेस्टेरॉल गिळतात. २०१२ मध्ये ४३ मधुमेहींच्या पेशी तपासून त्यांनी पुढची कडी जोडली: डी कमी असलेल्यांच्या पेशी रक्तवाहिनीच्या अस्तराला अधिक चिकटतात.

माणसांच्या मोठ्या गटांतही सूर जुळत होता. २००८ मध्ये अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या १,७३९ जणांचा अहवाल आला. सरासरी वय ५९, पाच वर्षांहून थोडा अधिक पाठपुरावा. डी रक्ताच्या दर मिलिलिटरला १५ नॅनोग्रॅमच्या खाली असलेल्यांना हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी जास्त दिसला. त्याच वर्षी हार्वर्डच्या १८,२२५ पुरुषांच्या पाहणीत कमतरतेच्या गटात झटक्याचे प्रमाण पुरेशी पातळी असलेल्यांच्या सुमारे अडीचपट निघाले. डेन्मार्कच्या स्टेनो केंद्राने टाइप-२ मधुमेहाच्या २८९ रुग्णांवर सुमारे पंधरा वर्षे नजर ठेवली होती. ज्यांची डी पातळी अगदीच तळाला होती, त्यांच्यात मृत्यू आणि विशेषतः हृदयविकाराने होणारे मृत्यू अधिक होते.

स्क्रॅग यांची छत्तीस वर्षे

या साऱ्याच्या कितीतरी आधी, १९८१ मध्ये, रॉबर्ट स्क्रॅग या साथरोगशास्त्रज्ञाने एक साधी गोष्ट टिपली होती. हृदयविकाराने होणारे मृत्यू हिवाळ्यात वाढतात आणि उन्हाळ्यात कमी होतात. उन्हातले अतिनील किरण डी जीवनसत्त्वाच्या मार्गे हृदयाचे रक्षण करत असावेत, असा तर्क त्यांनी मांडला. वीस-पंचवीस वर्षे तो नियतकालिकांत पडून राहिला आणि मग एकाएकी सगळ्यांच्या तोंडी झाला.

वैद्यकाला अशा देखण्या तर्कांचा कडू अनुभव आहे. पिवळी-केशरी फळे आणि भाज्या खाणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो, म्हणून १९८० च्या दशकात फिनलंडमधल्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर बीटा कॅरोटिन आणि ई जीवनसत्त्वाचा मोठा प्रयोग सुरू झाला. १९९४ मध्ये निकाल लागला: बीटा कॅरोटिनची गोळी घेणाऱ्यांत कर्करोग १८ टक्क्यांनी वाढला होता. ई जीवनसत्त्व हृदय वाचवते, असेही अनेक पाहण्या सांगत होत्या. २००० साली ‘होप’ चाचणीने त्यावर पाणी ओतले.

डी च्या बाबतीत संशयाला जागा अधिकच होती. डी कमी कोणाचे असते? जो लठ्ठ आहे त्याचे, कारण हे जीवनसत्त्व चरबीत मुरून राहते. जो घराबाहेर पडत नाही, चालत नाही त्याचे. जो म्हातारा आहे, ज्याचे मूत्रपिंड थकले आहे, जो आधीच आजारी आहे त्याचे. या प्रत्येकाला हृदयविकाराचा धोका डी चा विचार बाजूला ठेवला तरी जास्तच असतो आणि मधुमेही माणसात यांतल्या तीन-चार गोष्टी एकत्र नांदतात. शिवाय आजारपण स्वतःच डी खाली खेचते. २०११ मध्ये गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेच्या ३३ रुग्णांची डी पातळी शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर मोजली गेली. दोनच दिवसांत ती सुमारे ४० टक्क्यांनी घसरली होती. दोन दिवसांत कोणाचे ऊन वा आहार इतका बदलत नाही. शरीरातल्या दाहाने ती घसरण झाली होती. मधुमेहात आणि धमनीविकारात असा मंद दाह वर्षानुवर्षे धुमसत असतो. मग डी कमी म्हणून हृदय बिघडते, की हृदय आणि रक्तवाहिन्या बिघडत चालल्यात म्हणून डी कमी दिसते? थर्मामीटर बर्फात ठेवला म्हणून ताप उतरत नाही, तशातलाच हा प्रकार असेल तर पुडी घेऊन रिपोर्ट सुधारेल आणि हृदय होते तिथेच राहील.

याचा निवाडा करायची एकच रीत आहे. हजारो माणसे घ्यायची, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे नशिबावर सोडून त्यांचे दोन गट पाडायचे, एकाला डी आणि दुसऱ्याला हुबेहूब दिसणारी निष्क्रिय गोळी द्यायची आणि वर्षानुवर्षे मोजत राहायचे. कोणाला काय मिळाले ते घेणाऱ्यालाही ठाऊक नाही आणि देणाऱ्यालाही नाही.

न्यूझीलंडमध्ये ही चाचणी स्वतः स्क्रॅग यांनीच हाती घेतली. नाव ‘विडा’. पन्नास ते चौऱ्याऐंशी वर्षांचे ५,१०८ जण, पहिला डोस दोन लाख युनिटचा आणि मग दर महिन्याला एक लाख, सुमारे सव्वातीन वर्षे. २०१७ मध्ये निकाल छापला गेला. डी घेणाऱ्यांत हृदय-रक्तवाहिन्यांचे विकार ११.८ टक्के, निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत ११.५ टक्के. छत्तीस वर्षे ज्या कल्पनेला जोपासले तिच्याविरुद्धचा निकाल स्क्रॅग यांनीच प्रसिद्ध केला.

पुढच्याच वर्षी बॉस्टनहून जोअॅन मॅन्सन यांच्या ‘व्हायटल’ चाचणीचा निकाल आला. २५,८७१ जण, रोज २,००० युनिट, पाच वर्षांहून अधिक काळ. त्यांत मधुमेहीही होते आणि पाच हजारांवर कृष्णवर्णीय अमेरिकनही, ज्यांच्यात डी ची कमतरता अधिक असते. झटका, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू अशा मोठ्या घटना डी च्या गटात ३९६, दुसऱ्या गटात ४०९. २०१९ मध्ये २१ चाचण्यांतल्या ८३ हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र केली गेली. डी च्या सुरुवातीच्या पातळीने, डोसने किंवा रोज-महिन्याने निकालात फरक पडला नाही. धोका कमी झालेला नव्हता.

ऑस्ट्रेलियातला ‘डी-हेल्थ’ हा प्रयोग मराठी वाचकाला जवळचा वाटेल, कारण त्यातला डोस आपल्या पुडीचाच होता: साठ हजार युनिट. फक्त तिथे तो महिन्याला एक दिला गेला, साठी ओलांडलेल्या २१,३१५ जणांपैकी एका गटाला, पाच वर्षांपर्यंत. २०२३ मध्ये आकडे आले: डी च्या गटात मोठ्या घटना ६.० टक्के, दुसऱ्या गटात ६.६ टक्के. किंचित कल डी च्या बाजूने. पण एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो, हे गणिताने स्पष्ट होते. या प्रयोगातून कोणी आशा बाळगली तर ती अगदीच वेडगळ म्हणता येणार नाही, पण तिच्या भरवशावर औषधे कमी करणे मात्र धोक्याचे.

मधुमेहाच्या उंबरठ्यावर

खास मधुमेहींच्या प्रश्नाला दोन उत्तरे मिळाली. ‘व्हायटल’मधल्या टाइप-२ मधुमेहाच्या १,३१२ जणांच्या मूत्रपिंडांवर पाच वर्षे वेगळी नजर ठेवली गेली. मूत्रपिंड आणि हृदय मधुमेहात एकमेकांचा हात धरून बिघडतात, म्हणून हे महत्त्वाचे. २०१९ मध्ये समजले की मूत्रपिंडाची घसरण डी ने थांबत नाही.

दुसरे उत्तर किंचित गोड आहे. ‘डी-टू-डी’ या अमेरिकी चाचणीत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या २,४२३ जणांना रोज ४,००० युनिट किंवा निष्क्रिय गोळी दिली गेली. अडीच वर्षांत डी घेणारे २९३ जण मधुमेही झाले, न घेणारे ३२३. हा फरक एकट्याने सिद्ध होण्याइतका मोठा नव्हता. पण अशा तीन चाचण्या २०२३ मध्ये एकत्र तपासल्या तेव्हा मधुमेह होण्याचा धोका सुमारे १५ टक्क्यांनी कमी झालेला दिसला. त्यामुळेच अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीने २०२४ च्या मार्गदर्शनात डी देण्याजोग्या गटांत मुले, पंचाहत्तरीपुढचे वृद्ध आणि गरोदर स्त्रिया यांच्या जोडीला मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे जोखमीचे लोकही ठेवले. त्याच मार्गदर्शनात सोसायटीने २०११ मध्ये स्वतःच ठरवलेला ३० नॅनोग्रॅमचा दंडक सोडून दिला आणि धडधाकट प्रौढांची सरसकट डी तपासणी करू नये असे सुचवले. प्रयोगशाळांच्या रिपोर्टांवर मात्र तो ३० चा आकडा अजून ठाण मांडून आहे.

आक्षेप घेणारे एक गोष्ट योग्य सांगतात. ‘व्हायटल’मधल्या लोकांची सुरुवातीची सरासरी पातळी जवळपास ३१ नॅनोग्रॅम होती. भरल्या पोटी जेवण वाढून भूक शमली का हे कसे कळणार? खरी कमतरता असलेल्यांना उपयोग होत असेल, असा हा युक्तिवाद. जन्मजात जनुकांमुळे ज्यांचे डी कमी राहते त्यांच्यात हृदयविकार आणि मृत्यू अधिक होतात का, हे पाहून त्याची परीक्षा करता येते. २०२१ मध्ये लाखो लोकांच्या माहितीवर बेतलेल्या एका अभ्यासाने ‘होय, तीव्र कमतरतेत मृत्यूचा धोका वाढतो’ असे सांगितले आणि मोठी खळबळ उडाली. पुढे त्यामागची गणिती पद्धतच चुकीचे निकाल देऊ शकते हे उघड झाले. तो लेख मागे घेऊन २०२४ मध्ये दुरुस्त आवृत्ती छापावी लागली आणि त्या दुरुस्तीत तो धोका उरला नाही.

उन्हाच्या बाजूने मात्र एक नवी वाट निघाली आहे. एडिनबरोचे रिचर्ड वेलर आणि साउदॅम्प्टनचे मार्टिन फीलिश यांनी २०१४ मध्ये दाखवले की यूव्ही-ए किरण त्वचेतल्या साठ्यातून नायट्रिक ऑक्साइड मोकळे करतात आणि रक्तदाब थोडा उतरतो. यूव्ही-ए ने डी जीवनसत्त्व तयार होत नाही. म्हणजे स्क्रॅग यांनी टिपलेला उन्हाळा-हिवाळा खरा असू शकतो, फक्त त्याचे श्रेय डी ला देता येत नाही.

आपल्याकडची कमतरता

हे वाचून पुड्या फेकून द्याव्यात असे कोणी समजू नये. कमतरता खरी आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी पंचवीस ते पस्तीस वयाच्या १,१३७ निरोगी तरुणांची तपासणी केली होती. सुमारे ७० टक्क्यांचे डी २० नॅनोग्रॅमच्या खाली होते. दिल्लीत २००२ मध्ये मोरी गेट या गजबजलेल्या भागातली आणि तुलनेने स्वच्छ हवेच्या गुडगावमधली लहान मुले तपासली गेली. मोरी गेटच्या मुलांची सरासरी १२, गुडगावच्या मुलांची २७. धूर तोच, फक्त इंग्लंडचा दिल्लीला आला. तिरुपतीत डॉ. हरिनारायण यांच्या पाहण्यांत शेतात राबणाऱ्यांचे डी शहरातल्यांपेक्षा चांगले निघाले.

आपल्याकडे सांगितले जाते, कोवळ्या उन्हात बसा. सकाळी सात-साडेसातच्या तिरप्या उन्हात यूव्ही-बी अगदीच थोडे असतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की ते पुरेसे येतात. महाराष्ट्रात साधारण दहा ते तीनच्या मधे हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ फिरले तरी ते मिळते. मधुमेहींनी अनवाणी मात्र फिरू नये. बधिर पायाला तापलेल्या फरशीचा चटका कळत नाही. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हाचा यासाठी उपयोग नाही, कारण काच यूव्ही-बी अडवते. खाण्यातून डी मिळते ते मुख्यतः तारली, बांगडा यांसारख्या तेलकट मासळीतून आणि अंड्याच्या पिवळ्या बलकातून. कोकण-गोव्याच्या ताटात त्याची थोडीफार सोय आहे. शाकाहारी घरात भिस्त ठेवायची ती ‘+एफ’ ही निळी खूण असलेल्या दुधावर आणि तेलावर.

डी घेण्याची कारणे हाडे, स्नायू, ठिसूळपणा आणि पडझड ही आहेत. मधुमेहींनाही ती लागू आहेत. पण प्रमाण सोडले की गाडी उलटते. ऑस्ट्रेलियात २,२५६ वृद्ध स्त्रियांपैकी एका गटाला वर्षातून एकदाच पाच लाख युनिटचा डोस देणाऱ्या प्रयोगाचा निकाल २०१० मध्ये आला. पडणे १५ टक्क्यांनी आणि हाडे मोडणे २६ टक्क्यांनी वाढले होते. आपल्याकडे सहा लाखांचे इंजेक्शन सर्रास टोचले जाते आणि आठवड्याची पुडी चुकून रोज घेतली जाण्याचे प्रसंगही घडतात. डी अति झाले की रक्तात कॅल्शियम चढते: मळमळ, बद्धकोष्ठ, गोंधळलेपण आणि खूप तहान, खूप लघवी. ही शेवटची दोन लक्षणे मधुमेही माणूस साखर वाढल्याची समजतो आणि तोवर मूत्रपिंडाला इजा होऊन बसते.

हृदयाला खरोखर काय लागते

मधुमेहींचे हृदय कशाने वाचते हे कोडे राहिलेले नाही. चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचण्यांनीच त्याचे उत्तर दिले आहे. ब्रिटनच्या यूकेपीडीएस अभ्यासाने १९९८ मध्ये सांगितले की मधुमेहींचा रक्तदाब १५४/८७ ऐवजी १४४/८२ पर्यंत आणला तरी पक्षाघात ४४ टक्क्यांनी कमी होतो. २००४ च्या ‘कार्ड्स’ चाचणीत आधी हृदयविकार नसलेल्या २,८३८ मधुमेहींपैकी एका गटाला कोलेस्टेरॉल उतरवणारे १० मिलिग्रॅम अॅटोरव्हास्टॅटिन देऊन पाहिले. मोठ्या घटना ३७ टक्क्यांनी घटल्या आणि चाचणी ठरल्या वेळेच्या दोन वर्षे आधीच थांबवावी लागली. २०१५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या औषधाने आधीच हृदयविकार असलेल्या मधुमेहींत हृदयविकाराने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी केले.

सर्वांत बोलका प्रयोग मात्र लहानसा आहे. स्टेनो केंद्राने, म्हणजे तळाला गेलेल्या डी चा धोका दाखवणाऱ्या त्याच केंद्राने, टाइप-२ मधुमेहाच्या अवघ्या १६० रुग्णांचे दोन गट केले. एकाला त्या काळचे नेहमीचे उपचार. दुसऱ्याला साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, अॅस्पिरिन, आहार, व्यायाम आणि धूम्रपान या सगळ्या आघाड्यांवर एकाच वेळी, चिकाटीने, जवळपास आठ वर्षे उपचार. २००३ मध्ये दिसले की दुसऱ्या गटात हृदय-रक्तवाहिन्यांच्या घटना निम्म्यावर आल्या. २०१६ मध्ये, एकवीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर हिशेब केला तेव्हा हा गट सुमारे आठ वर्षे अधिक जगला होता. त्या उपचारांत असाधारण काही नव्हते. जिल्हा रुग्णालयात मिळतील अशीच बहुतेक औषधे होती.

हे १६० जण निवडले गेले ते एका साध्या तपासणीने. त्यांच्या लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन अगदी थोड्या प्रमाणात झिरपत होते. मूत्रपिंडाच्या आणि त्यासोबत हृदयाच्याही रक्तवाहिन्या बिघडू लागल्याची ती सर्वांत आधी दिसणारी खूण. टाइप-२ मधुमेहाच्या प्रत्येकाने ही तपासणी निदान झाल्यापासून दरवर्षी करावी, असे मार्गदर्शन आहे. तिला उपाशी राहावे लागत नाही, सुईही टोचत नाही, सकाळच्या लघवीचा एक छोटा नमुना पुरतो. पुढच्या भेटीत डॉक्टरांना डी किती आहे हे विचारण्याआधी, लघवीतले अल्ब्युमिन शेवटचे कधी तपासले होते, हे विचारता येईल.